हँडबॉलचा दम चाळीस मीटरवरच कमवावा लागतो

प्रश्न थोडक्यात असा: कनिष्ठ महाविद्यालयाचा एकोणीस वर्षांखालील मुलींचा संघ आहे, चौदा मुली, सिमेंटचं उघडं मैदान. रोज सकाळी पाच किलोमीटर पळवूनही सामन्याची शेवटची दहा मिनिटं आली की मुली बचावाला वेळेत परतत नाहीत आणि समोरचा संघ फास्ट ब्रेकवर, म्हणजे चेंडू मिळताच धावून केलेल्या झटपट हल्ल्यावर, गोल करून जातो. जिल्हास्तरीय स्पर्धेला आठ आठवडे आहेत. पळणं वाढवावं का?

वाढवू नका, उलट कमी करा. मुली पाच किलोमीटर न थांबता पळतात, म्हणजे पाया बरा आहे. पण हँडबॉलमध्ये सलग कोणीच पळत नाही. तीन-चार सेकंदांची जोरदार धाव, एक उडी, गोलसमोरच्या ६ मीटर रेषेवर अंगाला अंग लावून ढकलाढकली, मग दहा-वीस सेकंद चालणं किंवा हलकं पळणं, की लगेच पुन्हा धाव. डेन्मार्कच्या अव्वल महिला खेळाडूंची सामन्यात मोजणी झाली तेव्हा सरासरी अंतर सुमारे ४ किलोमीटर निघालं, पुरुषांचं सुमारे ३.६. त्यातलंही बरंचसं चालत आणि हलक्या पावलांनी कापलेलं. तरी त्या महिलांवरचा सरासरी भार ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास होता. अंतर एवढं थोडं आणि भार एवढा मोठा, याचं कारण थांबणं, वळणं, उड्या आणि झटापट. मैदानाभोवतीच्या राउंडमध्ये यातलं काहीच घडत नाही.

जोरदार धावेला लागणारं इंधन, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, स्नायूतच थोडंसं साठवलेलं असतं आणि काही सेकंदांत ते उतरतं. ते परत भरायला ऑक्सिजन लागतो. अर्धं भरायला साधारण अर्धा मिनिट, जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. सामन्यात एवढी उसंत मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक धाव थोड्या रिकाम्या टाकीवर सुरू होते आणि ही तूट साठत साठत शेवटच्या दहा मिनिटांत दिसते. ज्या मुलीचं शरीर ऑक्सिजन जास्त वापरू शकतं, तिची टाकी त्याच वीस सेकंदांत जास्त भरते. हँडबॉलमध्ये दम म्हणतात तो हा: एका धावेनंतर दुसरीसाठी लवकर ताजं होणं. सरावही त्याचाच हवा.

(एखादी नवी मुलगी वीस मिनिटं सलग हलकं पळू शकत नसेल, तर तिला मात्र आधी तीन आठवडे साधं पळू द्या, बोलता येईल इतक्याच वेगाने. बाकीच्यांना आठवड्यातून एक दिवस तसं पळणं पुरे.)

आधी मोजा

सगळ्यांना एकाच वेगाने पळवलं की सशक्त मुलीला काही होत नाही आणि अशक्त मुलगी रोज मरेस्तोवर दमते. म्हणून पहिल्या आठवड्यात ३०-१५ चाचणी घ्या. फ्रेंच क्रीडाशास्त्रज्ञ मार्टिन बुशाइट यांनी ती हँडबॉलसारखे खेळ डोळ्यांसमोर ठेवून बसवली आहे आणि तिला ४० मीटरचीच पट्टी लागते, म्हणजे तुमचं मैदान आयतं तयार आहे. दोन्ही गोलरेषा आणि मधली रेषा या तिच्या तीन खुणा. गोलरेषांच्या आत ३ मीटरवर आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३ मीटरवर खडूने आखा. ध्वनिफीत मोबाइलवर घेऊन स्पीकरला जोडा. ३० सेकंद पळायचं, १५ सेकंद चालत पुढच्या रेषेशी जायचं. सुरुवात ताशी ८ किलोमीटरने होते आणि प्रत्येक टप्प्याला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. बीप वाजताना मुलगी ३ मीटरच्या पट्ट्यात असली पाहिजे. लागोपाठ तीनदा चुकली की तिची चाचणी संपली. शेवटच्या पूर्ण केलेल्या टप्प्याचा ताशी वेग हा तिचा आकडा.

चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा बारीकसारीक कारणांनी. गोल मधोमध असतो, त्यामुळे रांगा गोलच्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवा, नाहीतर खांबापाशी मुली वेग तोडतात. सात-सातच्या दोन तुकड्या करा. एक पळताना दुसरीतली प्रत्येक मुलगी एकेकीचे टप्पे लिहील, म्हणजे वाद होत नाही. सुरुवातीचे टप्पे इतके सावकाश असतात की मुली बीपच्या पुढे धावतात. त्यांना सांगा, मधली रेषा बीपबरोबरच ओलांडायची. चाचणीच्या आदल्या दिवशी जड सराव नको, आणि पुढच्या वेळी त्याच वेळेला, त्याच बुटांत घ्या.

पहिल्यांदा आकडे १४ ते १६ आले तर काळजी नको. राष्ट्रीय संघांतल्या महिला साधारण १७-१८ च्या घरात असतात, पुरुष १९ ते २१.

मुख्य सराव: पंधरा-पंधरा

१५ सेकंद जोरात, १५ सेकंद थांबा. वेग चाचणीतल्या आकड्याच्या ९५ टक्के. कागदावर हे किचकट वाटतं, पण मैदानावर प्रत्येकी एका कोनावर, म्हणजे खुणेच्या शंकूवर, भागतं. सगळ्या मुली एकाच गोलरेषेवर उभ्या, गोलच्या दोन्ही बाजूंना सात-सात, मध्ये सव्वा मीटर अंतर. प्रत्येकीच्या समोर तिचा कोन. शिट्टीवर पळायचं, कोनाला वळून परत गोलरेषेवर यायचं, आणि १५ सेकंदांची शिट्टी वाजताना पाय गोलरेषेवर.

कोन किती अंतरावर, याचा हिशोब असा. आकडा १६ असेल तर ९५ टक्के म्हणजे ताशी १५.२ किलोमीटर, सेकंदाला ४.२२ मीटर. वळताना साधारण ०.७ सेकंद जातो, म्हणून १४.३ सेकंदच धरायचे. गुणाकार ६० मीटर. अर्धं जाताना, अर्धं येताना, म्हणून कोन ३० मीटरवर. यापुढे आकडा १ ने वाढला की कोन २ मीटर पुढे, अर्ध्याने वाढला की १ मीटर पुढे. १५ ची मुलगी २८ मीटरवर, १७ ची ३२ वर. १८ ची थेट ३४ मीटरवर, म्हणजे समोरच्या गोलरेषेच्या ६ मीटर अलीकडे. अंतर टेपने गोलरेषेपासूनच मोजा. समोरची ६ आणि ९ मीटरची रेषा गोलसमोर सरळ असली तरी कडेला वळते, तिच्यावरून अंदाज बांधला तर कडेच्या मुलींचा कोन चुकतो.

या मांडणीचा खरा फायदा डोळ्यांना दिसतो. सगळ्या एकत्र निघतात, वेगवेगळ्या ठिकाणी वळतात आणि एकत्र परततात. संघातली सर्वांत संथ मुलगीही मागे पडत नाही आणि सर्वांत वेगवान मुलीला सूट मिळत नाही. एखादी सारखी दोन सेकंद आधी येते म्हणजे चाचणीत तिने हात राखला होता. तिचा कोन पुढे न्या. एखादी पहिल्या चार फेऱ्यांतच उशिरा येत असेल तर कोन चुकलाय किंवा ती आजारी आहे. आरडाओरडा करून उपयोग नाही.

पहिले दोन आठवडे वेग ९० टक्के ठेवा, म्हणजे प्रत्येकीचा कोन दीड मीटर अलीकडे. ६-६ मिनिटांचे दोन संच, मध्ये ३ मिनिटं चालणं. एका संचात १२ धावा होतात. तिसऱ्या आठवड्यापासून ९५ टक्के, आणि संच ८ मिनिटांचे. चौथ्या आठवड्यात पुन्हा ६ मिनिटांवर या, वेग तोच. शरीराला जरा श्वास घेऊ द्या.

वळण शिकवल्याशिवाय हा सराव सुरू करू नका. दोन संचांत चोवीस ते बत्तीस वळणं होतात आणि हँडबॉल खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, ज्याला आपण एसीएल म्हणतो, तो बहुतांशी कोणी न धडकता, पाय रोवून वळताना किंवा उडीवरून उतरतानाच तुटतो. कोनाच्या आधी दोन-तीन आखूड पावलं, कंबर खाली, गुडघा वाकलेला आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. गुडघा आत पडतोय का ते समोर उभं राहून बघा, बाजूने दिसत नाही. एका धावेला डावीकडून वळायचं, पुढच्या धावेला उजवीकडून. नाहीतर प्रत्येकजण आपल्या सोयीच्या पायावरच वळते आणि भार एकाच गुडघ्यावर येतो.

चेंडूसह: चार विरुद्ध चार

पळण्याच्या सरावाचं हृदयावरचं काम चेंडू खेळूनही होतं, आणि मुली ते मन लावून करतात. चौदा मुली हा यासाठी फारच सोयीचा आकडा आहे: दोन गोलकीपर आणि चार-चारचे तीन संघ. पूर्ण ४० बाय २० मैदान, ४ मिनिटांचा एक डाव. पहिला विरुद्ध दुसरा, दुसरा विरुद्ध तिसरा, तिसरा विरुद्ध पहिला, आणि हेच पुन्हा एकदा. सहा डावांत प्रत्येक संघ चार वेळा खेळतो. दोन डावांमध्ये दीड मिनिट द्या. बसणारा संघ बसत नाही, बाहेर पडलेले चेंडू उचलून गोलकीपरकडे पोहोचवतो.

हा सराव फसतो तो नियमांच्या ढिलाईने. गोल झाला की मधून थ्रो-ऑफ नाही. गोलकीपरने जाळीतला किंवा शेजारी ठेवलेला चेंडू उचलून लगेच पुढे द्यायचा. प्रत्येक गोलमध्ये तीन चेंडू जादा असू द्या. ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) बंद, म्हणजे चेंडू नसलेल्या मुलींना पळून जागा काढावीच लागते. बचाव माणूस-टू-माणूस. सर्वांत कामाचा नियम: गोल करताना आपल्या चारही मुली मधल्या रेषेच्या पुढे असतील तरच गोल धरायचा, आणि बचावाची एखादी मुलगी मधल्या रेषेपलीकडेच रेंगाळत असेल तर तो गोल दोन धरायचा. तुमची तक्रार बचावाला परतण्याचीच आहे. हा नियम ती सवय दर डावात घासून लावतो. आणि डाव चालू असताना तुम्ही थांबवून शिकवू नका. अर्ध्या मिनिटाच्या भाषणात नाडी उतरते आणि सरावाचा मुद्दाच जातो. जे सांगायचं ते डावांच्या मध्ये.

भार पुरेसा पडतोय का ते नाडीवर कळतं. डाव संपताच, पाच सेकंदांच्या आत, गळ्यावर बोटं ठेवून १० सेकंद ठोके मोजायचे. या वयात २९ ते ३१ आले, म्हणजे मिनिटाला १७५ ते १८५, तर बरोबर. २६ आले तर डाव ढिला चाललाय. एका मिनिटाने पुन्हा १० सेकंद मोजा आणि दोन्ही आकड्यांतला फरक लिहून ठेवा. आठवड्यागणिक तो फरक वाढत गेला तर मुलगी लवकर ताजी होऊ लागली आहे. महागडं घड्याळ नसलं तरी एवढ्यावर काम चालतं.

मुलींचा पास-कॅच कच्चा असेल तर मात्र चार-चारवर विसंबू नका. चेंडू सारखा निसटतो, खेळ थांबतो, नाडी चढतच नाही. तिथे आधी पंधरा-पंधरा जास्त, चेंडूचा सराव वेगळा. हात बसला की प्रमाण उलटं करा.

जागेप्रमाणे फरक

विंगच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या, मुलींची दमछाक लांब धावांनी होते. त्यांना सरावाच्या शेवटी पूर्ण ४० मीटरच्या सहा धावा द्या, प्रत्येक धावेनंतर चालत परत. पिव्होट, म्हणजे समोरच्या बचावात घुसून उभी राहणारी मुलगी, फार लांब पळत नाही, पण ६ मीटर रेषेवर सतत कुणाच्या तरी अंगावर असते आणि तो थकवा पळून येत नाही. तिला जोडीदारासह १० सेकंद जागेसाठी झटापट, लगेच दोन उड्या, मग मधल्या रेषेपर्यंत २० मीटर धाव, ३० सेकंद थांबा. असं आठ वेळा. बॅकच्या, म्हणजे लांबून उडी मारून फेकणाऱ्या, मुलींचा भार उड्यांत असतो. त्या आधीच भरपूर मारतात, जादा काही नको. गोलकीपरला लांब पळवणं वेळेचा अपव्यय आहे. तिला सहा ते दहा सेकंदांच्या झेपा, पाय टाकणं, उठणं, आणि तेवढीच विश्रांती.

आठवडा

मंगळवारी पंधरा-पंधरा, शनिवारी चार-चार, गुरुवारी ताकदीचा सराव आणि डावपेच. सोमवार किंवा बुधवारी पंचवीस मिनिटं हलकं पळणं. जड पळण्याचे दोन दिवस सलग नकोत, मध्ये किमान ४८ तास ठेवा. ताकद आणि पळणं एकाच दिवशी आलंच, तर एक सकाळी आणि दुसरं संध्याकाळी. सहाव्या आठवड्यापासून पंधरा-पंधराचा एकच संच ठेवा आणि चार-चारचे डाव वाढवा. स्पर्धेआधीच्या दहा दिवसांत सरावाचा वेळ निम्मा करा, पण वेग कमी करू नका. वेग कमी केला की कमावलेलं उतरतं, वेळ कमी केला तर नाही. स्पर्धा सुरू असतानाच्या आठवड्यांत एक जोरदार सत्र दम टिकवायला पुरतं.

आपल्याकडे ही तयारी ऐन पावसाळ्यात येते. ओल्या सिमेंटवर वळणं अजिबात नको. २० मीटरचा हॉल किंवा लांब व्हरांडा असेल तर पंधरा-पंधरा तिथे करा, पण तिथे दोनदा जाऊन यावं लागतं आणि वळणं तीन होतात, म्हणून १५ सेकंदांतून दोन सेकंद वजा करून अंतर काढा. तेही नसेल तर दोरीवरच्या उड्या, ३० सेकंद जोरात आणि ३० सेकंद थांबा. जिन्यावरून पळवत असाल तर फक्त वर. उतरताना चालत, कारण उतरण्याचा मार गुडघ्याला बसतो.

सिमेंटवर नडगीची आतली बाजू दुखू लागली तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. दाबल्यावर लांब पट्टा दुखत असेल तर आठवडाभर पळणं निम्मं करून सायकल किंवा पाण्यातला व्यायाम. बोटाएवढ्या एकाच जागी टोचून दुखत असेल, रात्रीही दुखत असेल, तर पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. ते हाडाला गेलेली बारीक तडाही असू शकते. मैदानाशेजारी मातीची पट्टी असेल तर हलकं पळणं तिच्यावरच घ्या, सिमेंट फक्त वळणांच्या आणि चेंडूच्या सरावाला.

एखाद्या मुलीचा दम चार आठवडे नीट सराव करूनही हलत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, चेहरा फिका असेल, तर तिला आळशी म्हणू नका. तिचं हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. चौदा मुलींत सात-आठ जणी निघाल्या तर नवल नाही. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर ऑक्सिजन वाहून नेणारा टेम्पोच लहान आहे, कितीही पळवलं तरी माल तेवढाच पोहोचणार. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि गोळीबरोबर किंवा जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. तयारीच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची तपासणी करून घेतलीत तर उत्तम. या सगळ्या यादीतलं मुलींच्या सर्वांत उपयोगी पडणारं काम हेच आहे.

रिकाम्या पोटी पहाटे पळवण्याची पद्धत सोडा. एक केळं किंवा दोन खजूर तरी पोटात हवेत. स्पर्धा ऑक्टोबर हीटमध्ये आली तर सरावाआधी आणि नंतर वजन करा. ५० किलोच्या मुलीचं वजन एक किलोने उतरलं म्हणजे २ टक्के पाणी गेलं, आणि त्यापुढे खेळ ढासळतो. एका दिवसात दोन सामने असतील तर मधल्या वेळेत भात, पोहे, केळी आणि लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. वडापाव सामन्यानंतर.

राउंडची शिक्षा बंद करा. जिला चुकीबद्दल पळावं लागतं ती पळण्याचा तिरस्कार करायला शिकते, आणि तुमच्या हिशोबात नसलेला भार तिच्या पायांवर चढतो.

आता शेवटच्या दहा मिनिटांबद्दल. त्यातला काही भाग दमाचा नाही, बदलीचा आहे. हँडबॉलमध्ये बदल कितीही करता येतात, खेळ न थांबवता. तरी बऱ्याच शिक्षकांच्या पहिल्या सात मुली सामन्याचा बहुतेक वेळ खेळतात आणि बाकीच्या बाकावर गारठतात. मुलगी दमल्यावर बदलू नका, दमायच्या आधी बदला. दहाव्या मिनिटापासूनच विंग आणि पिव्होटला दोन-तीन मिनिटांसाठी आत-बाहेर करा. एक मुलगी फक्त बचावाला आणि तिच्या जागी दुसरी फक्त हल्ल्याला, अशी एक जोडी तरी बसवा. आणि परतताना मुली कशा पळतात ते एकदा व्हिडिओवर पाहा. बऱ्याच जणी चेंडू दिसावा म्हणून पहिली चार-पाच पावलं मागे मागे टाकतात आणि तिथेच विरोधी विंग निसटते. आधी वळून तीन जोरदार पावलं, मग खांद्यावरून नजर. ही सवय चार-चारच्या डावात दुरुस्त होते, फळ्यावर नाही.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी ३०-१५ चाचणी पुन्हा घ्या. अर्ध्या किलोमीटरचा फरक त्या दिवसाच्या झोपेचा आणि उन्हाचाही असू शकतो, एक किलोमीटरचा फरक खरा. जिचा आकडा १५ वरून १६ झाला, तिला कागद दाखवा आणि तिचा कोन तिलाच २८ वरून ३० मीटरवर न्यायला सांगा.